डॉप म्हणजे दारू नव्हे

‘माता मद्यपान करीत नाही. कुटुंबीयांकडून खात्री करून घेतली आहे.’

दवाखान्याच्या कार्डावरचे हे वाक्य नऊ वर्षे कोणी खोडले नाही. खोडण्यासारखे त्यात काही नव्हते, हीच त्याची थोरवी. ‘माता’ म्हणजे फ्लोरी. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला काहीच विचारले गेले नव्हते. बाकावर बसून ती स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. ‘कुटुंबीय’ हे अनेकवचन केवळ आदरार्थी. कुटुंबीय म्हणजे तिच्या शेजारी बसलेली सासू, लेना आपोलिस, सगळ्यांची ओमा म्हणजे आजी, छातीवर चर्चच्या दारूबंदी मंडळाची पांढरी फीत लावलेली. ‘खात्री’ म्हणजे मान वर न करता विचारलेला एक प्रश्न आणि पुढच्या बाईला दिलेली हाक. राहिला ‘मद्यपान’ हा शब्द. आमच्या खोऱ्यात त्याचा अर्थ पक्का आहे. शुक्रवारी पगार घेऊन गावात जायचे, बाटली विकत घ्यायची, गात परतायचे आणि वाटेतल्या चरात झोपायचे, याला पिणे म्हणतात. भल्या पहाटे, न्याहारीला, दुपारी आणि सुटी होताना मळ्याच्या वाइनच्या पिंपातून माशांच्या रिकाम्या डब्यात जे ओतून मिळे, त्याला डॉप म्हणत. डॉप म्हणजे पावासारखा, जळणासारखा शिधा. फ्लोरीच्या जन्माच्या कितीतरी आधी कायद्याने त्याला बंदी केली होती. क्लिप्सरस या आमच्या द्राक्षमळ्याच्या कचेरीत तो कायदा चौकटीत घालून टांगलेला होता आणि त्याच चौकटीच्या खिळ्याला पिंपाची किल्ली अडकवलेली असे.

तेव्हा त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतके निर्दोष असत्य रचणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही. त्याला एक अख्खे खोरे लागते, आणि आमच्याकडे ते होते.

अडचण इतकीच होती की ज्या बाळासाठी ते वाक्य लिहिले गेले, ती डेलिया आता नऊ वर्षांची झाली होती आणि कार्डाशी जुळत नव्हती. गावच्या शाळेने तिच्यावर आपला निकाल दिला होता, ‘आळशी आणि उर्मट’, आणि सत्र संपताच तिचे नाव कमी करणार होती. आईच्या पोटात असतानाच दारूने डोक्याला इजा झालेल्या मुलांसाठी शहरात वेगळी शाळा होती. तिथे एक जागा रिकामी होती, पण डॉक्टरांनी कारणावर बोट ठेवल्याशिवाय ती मिळत नव्हती. डॉक्टरांनी डेलियाचे बारीक डोळे मोजले, वरचा पातळ ओठ मोजला, डोक्याचा घेर मोजला. चेहरा अर्धेच सांगतो, ते म्हणाले. आईने पोटुशी असताना दारू घेतल्याचे कोणीतरी, स्वतः घेतलेल्याने किंवा डोळ्यांनी पाहिलेल्याने, सांगायला हवे. त्या रविवारी जेवणानंतर दवाखान्याची सिस्टर फोर्टाइन ते ऐकायला येणार होती. कोणी बोलले नाही, तर ती प्रकरण बंद करणार होती.

*

ओमा लेनाची लेक मेरल हिने डेलियाला मीठ आणायला शेजारी पाठवले, ही तिचीच चूक. ती स्वतः शिक्षिका. तिला कळायला हवे होते.

“डेलिया, हे काय आहे?”

“कुत्र्याचं पिल्लू, आंटी मेरल.”

“ते दिसतंय मला. मी तुला कशाला पाठवलं होतं?”

डेलियाने पिल्लाच्या कानात पाहिले, जणू उत्तर तिथे असावे. “तान्ट बेट्टीचं मीठ संपलंय.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या बेट्टीचा आवाज आला. “मेरल, तुला मीठ हवं होतं का गं? पोर काही बोललीच नाही, नुसती पिल्लू घेऊन पळाली.”

मेरलने कपाळावर हात मारून घेतला. अशी मुले तिच्या वर्गात बाकाबाकावर होती. ती खोटे बोलत ते खोटारड्यासारखे नव्हे. आठवणीत खड्डा पडलेला असे आणि हाताशी जे येईल त्याने ती तो बुजवत. सकाळी शिकवलेली बेरीज दुपारी नाहीशी होई. काल चटका बसलेल्या भांड्याला आज पुन्हा हात लागे. मार दिला तर मुले रडत आणि लगेच मारणाऱ्याच्याच गळ्यात पडत. डेलियाही आता पिल्लासकट तिच्या कमरेला बिलगली होती.

“जा, पुन्हा जा. मीठ. काय आणायचं?”

“मीठ.”

“कोणाकडून?”

“मीठ,” डेलिया म्हणाली आणि धावत सुटली. भलत्याच दिशेला.

चुलीपाशी फ्लोरी पिवळ्या भातात मनुका टाकत होती. मेरलने आवाज खाली आणला. “फ्लोरी, सिस्टर येतेय. दोन शब्द सांगायचेत फक्त. तुला कोणी तुरुंगात टाकत नाही.”

“कुठले दोन शब्द?”

“की तेव्हा तू प्यायचीस.”

“मी पीत नव्हते.”

“देवा. अगं, पोरीचा चेहरा बघ.”

“बघते मी. रोज तिची वेणी मीच घालते.” फ्लोरीने डाव आपटला. “तू शिकायला शहरात होतीस. मावशीकडे राहून मोठी झालीस. पाहायला नव्हतीस, आणि आता मला सांगतेस मी काय करत होते. माझा बाप पिऊन मेला, मेरल. मी बाटलीला हात लावला नाही कधी. मांना विचार.”

“मांना काय विचारायचं? त्या तर म्हणतात, घरात थेंब नव्हता.”

“मग झालं तर.”

मेरलला वाटले, ही बाई दगड आहे. फ्लोरीलाही मेरलबद्दल नेमके तेच वाटत होते, आणि त्या दिवशी त्या घरात दोघींचे एकमत झाले ते एवढ्याच बाबतीत.

*

ओमा लेनाचा थोरला मुलगा कूस जेवायला सर्वांत शेवटी बसला, कारण मुकादम शेवटी बसतो. त्याचा बाप मुकादम होता, आता तो होता. या घराला चार खोल्या होत्या, तारेचे कुंपण होते आणि दारासमोर एक जर्दाळूचे झाड; मजुरांच्या ओळीतल्या इतर घरांना यातले काही नव्हते. हे घर मुकादमाचे होते, आपोलिसांचे नव्हे. हा फरक कूसला झोपेतही ठाऊक असे. परवाच नव्या मालकाने त्याला वाइन चाखण्याच्या नव्या दालनात नेले होते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की या मळ्याने आपल्या माणसांना कधीही दारूने मजुरी दिली नाही. परदेशी गिऱ्हाईक ते वाचून आनंदी होते आणि पेला पुढे करते. कूसनेही वाचले होते आणि म्हणाला होता, “छान अक्षर आहे.”

“सिस्टरला काय सांगायचं ठरलं?” त्याचा धाकटा भाऊ पेत्रुस, डेलियाचा बाप, याने कोंबडीची तंगडी तोडत विचारले.

“माहीत नाही असं सांगायचं,” कूस म्हणाला.

“बूटा,” थोरल्या भावाला घरात मारत ती हाक पेत्रुसने मारली, “मग पोरीचं नाव कापतील.”

“तर मग फ्लोरीनं सांगावं, गावातल्या गुत्त्यावर जायचे म्हणून. लपून. आपल्याला कोणाला माहीत नव्हतं. संपलं.”

“मी कधी गेले गुत्त्यावर?” फ्लोरीचा घास हातातच राहिला.

“मी म्हणतो का गेलीस? मी म्हणतो, सांग.”

“माझ्या घरातली सून गुत्त्यावर जात नव्हती,” ओमा लेना म्हणाली. टेबलाच्या टोकाला ती ताठ बसली होती, रविवारचा काळा पोशाख, पांढरी फीत. “हे घर साफ आहे. कार्डावर लिहिलंय.”

“मा, कार्डाला घेऊन काय चाटायचं आहे?” मेरल म्हणाली.

“तोंड सांभाळ. शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाही, विचारतेय. नऊ वर्षांची पोर, तिला घड्याळ कळत नाही, स्वतःच्या घराचा रस्ता चुकते. हे आकाशातून पडलं का?”

“पेत्रुसलाही उशिरा कळायचं घड्याळ.”

“मा, मला कुठे मध्ये आणता?” पेत्रुस म्हणाला. “मला कळत होतं. मला शाळेत जायचं नव्हतं.”

यावर कूस हसला, ओमाही किंचित. वाद तिथेच विरला असता. या घरात पुष्कळ वाद असेच जेवता जेवता गिळले गेले होते. पण मेरल वर्गात जे करी तेच तिने केले. ज्या प्रश्नाला मूल उत्तर देत नाही, तो प्रश्न तिने बदलला.

“बरं, फ्लोरी. दारूचं सोड. डेलियाच्या वेळी तू रोज काय खायचीस, प्यायचीस, तेवढं सांग.”

फ्लोरीला यात काही वाटले नाही. “काय असणार? पाव. काळा चहा. शुक्रवारी मासे. संध्याकाळी भोपळा. डॉप. मालकीणबाईंनी कधी हाडं दिली तर सूप.”

“काय म्हणालीस?”

“हाडांचं सूप.”

“त्याच्या आधी.”

“डॉप. सगळ्यांना मिळायचा तोच.”

मेरलने काटा खाली ठेवला. “आत्ता चुलीपाशी तू मला सांगितलंस की मी पीत नव्हते.”

“पीत नव्हतेच. डॉप म्हणजे दारू नव्हे, मेरल. दारू माझा बाप प्यायचा.”

कूसला वाटले, आता काहीतरी सांडावे, खुर्ची मोडावी, ती पोर पिल्लू घेऊन आत यावी. काहीच झाले नाही.

“पण डॉप तर बंद झाला होता,” मेरल सावकाश म्हणाली. “मी सुटीत आले तेव्हा पप्पांनी मला सांगितलं. तपासणीवाले आले, पिंप हलवलं, बंद झाला.”

“पुरुषांचा बंद झाला,” पेत्रुस भाताकडे पाहत म्हणाला. “कोठाराच्या दारातला. तिथे तपासणीवाले येत. बायकांचा मागल्या पायरीवर आला.”

“कुठल्या मागल्या पायरीवर?”

या घराला मागे एकच पायरी होती. ती स्वयंपाकघरातून दिसत होती.

“भात थंड होतोय,” ओमा लेना म्हणाली.

*

भांडी घासताना फ्लोरीच्या मागे कूस येऊन उभा राहिला. पेत्रुस दाराच्या चौकटीला टेकला होता, ना आत, ना बाहेर. हे त्याचे नेहमीचे ठिकाण.

“पायरीचं नाव निघालं तर मळ्याचं नाव निघेल,” कूस म्हणाला. “मळ्याचं निघालं की मालक म्हणेल, मुकादमाला बोलवा. मग मी कुठे, मा कुठे? आणि तुम्ही तरी कुठे? तुमचं घरही ओळीतलंच आहे.”

“मी काय करू मग?”

“गुत्ता म्हण. डॉक्टरांना कारण मिळेल, पोरीला शाळा मिळेल, घरं राहतील. कोणाचं काही जात नाही.”

“माझं जातं, बूटा कूस.”

“तुझं काय जातं?”

फ्लोरीने नवऱ्याकडे पाहिले. सकाळी चर्चच्या वाटेवर तो म्हणाला होता, कोणी तुला दारुडी म्हटलं तर त्याचे दात पाडीन. आता तो चौकटीचा रंग नखाने खरवडत होता.

“बूटा म्हणतोय ते बरोबर आहे, फ्लोरी,” तो म्हणाला. “घराचं बघायला हवं.”

तिने हात पुसले. तो हिवाळा तिच्या हातांना अजून आठवत होता. छाटणीचे दिवस, वेलींवर दहिवर, कात्रीची लोखंडी मूठ बोटांना चिकटायची. पोट पुढे आल्यामुळे खालच्या डहाळ्यांसाठी तिला गुडघ्यावर बसावे लागे आणि बसल्यावर उठता येत नसे. ती ओळीत मागे पडे. मग न्याहारीला सासू मागल्या पायरीवर बोलावी. इतर बायकांना एक डबा, तिला दीड, गोड पिंपातला, कधी त्यात अंडे फोडलेले. “घे. रक्तासाठी.” वास येताच ती तोंड फिरवी. “मा, नको.” “घे म्हणते ना.” घशातून ऊब खाली उतरे, बोटांना जाणवेनासे होई आणि ओळ पुरी होई. सासूने आपल्यासाठी काही केले, असे फ्लोरीने लग्नानंतर ज्याला म्हणावे, ते एवढेच होते. त्याला दारू म्हणायचे तिच्या मनातही आले नव्हते.

सिस्टर फोर्टाइन आली तेव्हा सगळे बैठकीच्या खोलीत होते, फोटोसाठी बसावे तसे. सिस्टर पलीकडच्या मळ्यात वाढलेली, थकलेली, चपलेत सुजलेले पाय. तिने कॉफी घेतली, केक नाकारला.

“मग? कोण सांगतंय?”

“मी,” फ्लोरी म्हणाली. “मी प्यायचे.”

“डेलियाच्या वेळी?”

“हो.”

“कुठे?”

“गुत्त्यावर. गावात.”

“कोणाच्या?”

फ्लोरीने कूसकडे पाहिले. कूसने जर्दाळूच्या झाडाकडे.

“काय प्यायचीस?”

“ते... बाटलीतलं.”

“कसली बाटली?”

“हिरवी.”

सिस्टरने पेन बंद केले. “फ्लोरी, मी पंधरा वर्षं बायकांना हे विचारतेय. पिणाऱ्या बाया मला नाही म्हणून सांगतात. तू पहिली, न पिता हो म्हणतेस. डॉक्टर तुला दोन प्रश्नांत उघडं पाडतील. मग माझ्या शब्दाला काय किंमत राहील, आणि पुढच्या पोरीला मी कशी घेऊन जाऊ?”

“सिस्टर, सिस्टर, लिहा तुम्ही,” कूस म्हणाला. “आई स्वतः सांगतेय ना.”

“तुम्ही गप्प बसा. तुम्ही पोटुशी नव्हता.” तिने खोलीभर नजर फिरवली. “कोणी पाहिलंय का? मेरल?”

“मी नव्हते इथे,” मेरल म्हणाली, आणि तिचा आवाज कडू होता, कारण तिला आता सगळे ठाऊक होते आणि ते ठाऊक असणे डॉक्टरांच्या लेखी निरुपयोगी होते. “ज्यांनी पाहिलंय त्या बसल्यात समोर.”

“मेरल,” पेत्रुस म्हणाला.

“काय मेरल? बायकोला दारुडी ठरू दिलंस, आता मला मेरल म्हणतोस.”

“आपल्या आईबद्दल बोलतेयस तू.”

“मुलीबद्दल बोलतेय. तुझ्या.”

सिस्टर उठली. पिशवी खांद्याला लावली. “मी बंद करते हे. मला वाईट वाटतं.”

तेवढ्यात मागचे दार उघडले आणि डेलिया आत आली. गुडघे मातीने भरलेले, पिल्लू कुठेतरी हरवलेले, मूठ घट्ट मिटलेली. टेबल केव्हाच आवरले होते. ती सरळ आजीपाशी गेली आणि तिच्या काळ्या पोशाखाच्या मांडीवर मूठ उघडली. घामाने भिजलेले, मातकट, मूठभर मीठ.

“ओमा, आणलं,” ती म्हणाली. “मी विसरले नाही.”

*

ओमा लेनाने मांडीवरच्या मिठाकडे पाहिले. तिला रविवारचा पोशाख खराब झालेला खपत नसे. यावरून तिने मुलांना मारले होते, सुनेला बोलली होती. तिने ते झटकले नाही.

तिच्या आयुष्यात किल्ल्या पुष्कळ होत्या आणि सगळ्या दुसऱ्यांच्या कमरेला. दुधाची मोठ्या घरात, मांसाची मोठ्या घरात, लोकरीच्या पांघरुणांची मोठ्या घरात. कचेरीतल्या खिळ्यावरून तिच्या हाती आली ती एकच, पिंपाची, आणि तीही अशासाठी की मुकादमाची बायको पीत नाही, हात थरथरत नाही, माप चुकत नाही. लोक म्हणत, लेना पोटुश्यांवर माया करते. तिनेही ते ऐकून ऐकून खरे मानले होते. पण माया करणारी बाई ओळीच्या टोकाकडे बघत ओतत नाही. सूर्य कुठे आला आणि कोण मागे राहिले, हे बघत ती ओतायची. ओळ राहिली तर मुकादमाला जाब, मुकादमाला जाब तर हे घर, हे कुंपण, हे झाड.

“बस, पोरी,” ती सिस्टरला म्हणाली. “पेन काढ.”

“मा,” कूस म्हणाला. “मा, घराचा विचार करा.”

“आयुष्यभर दुसरं काय केलं मी?”

“मा, निदान आज तरी...” पेत्रुसने सुरुवात केली आणि वाक्य कुठे न्यायचे ते त्याला सुचले नाही.

फ्लोरी पुढे झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती; सासूसाठी. “मा, असू दे. मी परत सांगते नीट. गुत्त्याचं नाव विचारून घेते कोणाकडून तरी.”

“तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या लेकीवर गेलीस.” मग ओमा लेना सिस्टरकडे वळली. तिचा हात छातीवरच्या फितीपाशी गेला, पण तिने ती काढली नाही. फीत खोटी नव्हती. “मी सांगते तसंच लिही. माझे शब्द बदलू नकोस. मागच्या वेळी तुमच्या माणसांनी माझं लिहिलं, ते फार गोड लिहिलं.”

सिस्टर बसली. मेरलने डेलियाला जवळ ओढून घेतले. सिस्टर फोर्टाइनने जे लिहून घेतले, ते पुढे डॉक्टरांकडे आणि शाळेकडे गेले, आणि मळ्याच्या कचेरीतही पोचले. ते असे:

“फ्लोरी पीत नव्हती. तिला मी पाजत होते. माझ्या हातानं, आमच्या मागल्या पायरीवर, पोर पोटात असताना पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती नको म्हणायची. तिलाच नाही, ओळीतल्या सगळ्या पोटुश्यांना दारू पाजत होते. रक्तासाठी आहे म्हणून सांगायचे. रक्तासाठी नव्हती. थंडीत हात चालावेत आणि छाटणी पुरी व्हावी, म्हणून होती. माझी तिन्ही मुलं पोटात होती तेव्हा मी स्वतः थेंब घेतला नाही. का घेतला नाही, ते मला तेव्हाही ठाऊक होतं.”